मोफत शाळा आणि फुकटचा मजूर



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी आजवरची रीत आहे. आम्ही विद्वान नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात झाले, आणि त्याहून अधिक मुकादमाच्या वहीत. आपल्या आईबापाच्या नावापुढे किती आकडा लिहिला आहे आणि तो दर हंगामात कमी होण्याऐवजी वाढतो कसा, हे शोधता शोधता आम्ही हिशेब शिकलो आणि हिशेब शिकता शिकता संघटनेत आलो. ऊसतोडणी मजुरांच्या कामात आता पंचवीसहून अधिक वर्षे गेली. सभेची सवय आहे ती फडाच्या बांधावरची आणि कारखान्याच्या फाटकाबाहेरची. तिथे ध्वनिक्षेपक नसतो. तेव्हा आमचा आवाज मध्येच चढला तर तो रागाने चढला असे समजू नये.

कार्यकर्त्यांनी विषय दिला तो ‘बालमजुरी आणि खेड्यातले मोफत शिक्षण’ असा. विषय फार मोठा आहे. कापसाच्या वेचणीवर जाणारी मुले आहेत, वीटभट्टीवर माती कालवणारी आहेत, गुरांमागे रानात जाणारी आहेत. या सगळ्यांविषयी एका तासात बोलायचे तर प्रत्येकाविषयी दोन दोन वाक्ये बोलून घरी जावे लागेल. म्हणून आम्ही तो आमच्या माहितीच्या टापूपुरता आवळून घेतो. बीड जिल्हा, अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डीकडचा भाग, जालना, परभणी, धाराशिव इथून मजूर निघतो आणि तुमच्या या उसाच्या मुलुखात येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिक रुळली. आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात आणि त्यांच्यासाठी ऊस तोडणारी माणसे दहा लाखांच्या घरात असावीत असा अंदाज सांगितला जातो. नेमका आकडा कोणीच सांगत नाही, कारण नेमकी मोजणी करणे कोणाच्याच सोयीचे नाही. कारखान्यात आलेल्या उसाचे वजन मात्र किलोपर्यंत नेमके सांगता येते.

तुमच्या गावाला हे सारे परके नाही. दिवाळीच्या सुमारास ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत कोप्या उभ्या राहतात, टायरगाड्यांचे बैल रस्त्याने जाऊ लागतात, बाजारात भाव विचारून न घेता परतणाऱ्या बायका दिसतात. मार्चअखेर हे सगळे एका रात्रीत उठून जाते. या माणसांबरोबर मुले असतात हेही तुम्ही पाहिले असेल. ती मुले शाळेत का नाहीत, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आता वेळापत्रक पाहा. आपल्याकडची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. पहिले सत्र दिवाळीला संपते. दुसरे सत्र सुटीनंतर सुरू होते आणि एप्रिलात परीक्षा होते. उसाचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस नाहीतर नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र आणि कारखान्याचा हंगाम हे अगदी एकावर एक ठेवल्यासारखे बसतात. खेड्यातल्या शाळेचे वेळापत्रक आखताना ऊसतोडीचा विचार कोणी केला नाही, आणि गाळपाचा परवाना देताना शाळेचा विचार करण्याचे कारण कोणाला पडले नाही.

यावर सुशिक्षित माणूस सहज म्हणतो, ‘मग मुलांना गावी ठेवून यावे.’ या म्हणण्याचे उत्तर हिशेबात आहे, आणि तो हिशेब समजावून घेतल्याशिवाय बाकीचे सगळे बोलणे व्यर्थ आहे. कोयता म्हणजे तुम्ही हत्यार समजता. आमच्या व्यवहारात कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यात गावोगाव फिरतो आणि कोयत्याला उचल देतो. ही उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत असते. ती घेतली की हंगाम विकला गेला. पुढे टनामागे दर मिळतो आणि त्यातून उचल फिटायची असते. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला ३६६-३६७ रुपयांच्या आसपास आला. ही वाढ भांडून मिळवावी लागली आणि ती मोठी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण जोडीने दिवसभर राबून साधारण दोन टन ऊस तोडला तर सातशे तीस-पस्तीस रुपये होतात, आणि ते दोन माणसांचे असतात. दिवस बारा तासांचा, कधी त्याहून मोठा.

आणि दोन टन ऊस म्हणजे काय? बुडातून तोडायचा, पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडी भरायची. ट्रक रात्री दोनला आला तर दोनला उठून भरायची. याच्या जोडीला तळावर पाणी आणायचे, सरपण गोळा करायचे, भाकरी थापायच्या, बैलांना वैरण घालायची, आणि अंगावरचे मूल सांभाळायचे. हे काम दोन माणसांचे नाही, मंडळी. हे अडीच माणसांचे काम आहे आणि त्याचा दर दोन माणसांचा आहे. ते उरलेले अर्धे माणूस कोण, हे सांगायला नको. सहा वर्षांची पोर असेल तर ती कोपीत तान्ह्याला घेऊन बसते. आठ वर्षांची असेल तर पाण्याच्या कळशा आणते. दहा वर्षांचा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या ओढतो. बारा-तेराव्या वर्षी तो गाडी हाकतो, आणि पुढल्या हंगामाला त्याच्या हातात कोयता येतो. मुकादमाच्या वहीत याचे नाव नसते. कारखान्याच्या पावतीवर नसते. करारात नसते. पण त्याला वजा करून तो दर पुरत नाही. दर ठरवणाऱ्यांनी मुलाला मोजले नाही, पण मुलाच्या कामाची किंमत मात्र धरून ठेवली आहे.

म्हणून आम्ही म्हणतो की सरकारने शाळेची फी माफ केली, पुस्तके दिली, गणवेश दिला, दुपारची खिचडी दिली, आणि तरीही ही शाळा या घराला मोफत पडत नाही. मूल शाळेत गेले तर घरातून अर्धा मजूर उठून जातो. तो खर्च कोणी भरून देत नाही.

आणखी एक शब्द तुम्हांला सांगतो. आमच्याकडे ‘खाडा’ म्हणून एक प्रकार आहे. आजारपणाने, बाळंतपणाने, कशानेही कामावर गेले नाही तर मुकादम दिवसाला पाचशे रुपये आणि कधी त्याहूनही जास्त दंड लावतो. म्हणजे आई एक दिवस फडात गैरहजर राहिली तर त्याची नोंद होते आणि तिचे पैसे कापले जातात. मूल पाच महिने वर्गात गैरहजर राहिले तर कोणाच्या खिशाला काही तोशीस लागत नाही. एका तळावर आमच्यासमोर झालेले बोलणे सांगतो. गावचे गुरुजी स्वतःच्या खर्चाने दीडशे मैलांवर आपली मुले शोधत आले होते. भला माणूस. ते म्हणाले, “ताई, पोरीला आमच्याबरोबर पाठवा. हुशार आहे, चौथीत पहिली आली.” बाई म्हणाली, “गुरुजी, तुमचं खरं हाय. पर हिला धाडली तर तान्ह्याला बघंल कोण? मी फडात गेले न्हाई तर खाडा पडतो. तुमी खाडा भरता का?” गुरुजींनी मान खाली घातली. तो प्रश्न गुरुजींना विचारायचा नव्हताच. पण बाईच्या समोर तेवढेच एक सरकारचे माणूस आले होते.

आता शाळेकडे वळू, कारण बालमजुरीने मुलाचे नुकसान होते हे सगळे म्हणतात, शाळेचे काय होते हे फारसे कोणी म्हणत नाही. शाळेचा पट ३० सप्टेंबरला मोजतात. त्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात. ३० सप्टेंबरला मुले गावात असतात, कारण टोळ्या अजून निघायच्या असतात. कागदावर शाळा भरलेली असते. नोव्हेंबरात जाऊन पाहा. डोंगरपट्ट्यातल्या गावांत काही वर्गांत निम्मी बाके रिकामी असतात. उरतात ती म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली मुले आणि ज्यांच्या घरी थोडे बागाईत आहे त्यांची मुले. गुरुजी शिकवतात, पण गेलेल्यांच्यासाठी थांबायचे की पुढे जायचे हे त्यांना समजत नाही. पुढे गेले तर परतणारी मुले कायमची मागे पडतात. थांबले तर बसलेल्यांचे वर्ष वाया जाते. एप्रिलात मुले परततात ती भागाकार विसरून. दोन-तीन हंगाम असे गेले की मूल वर्गात नाव असलेले पण वर्गातले नसलेले असे होऊन बसते. २०१९ च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यानेही पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. परीक्षेला आमचा विरोध नाही. पण जे सत्र मुलाने पाहिलेच नाही त्याच्या परीक्षेला त्याला बसवायचे, यात परीक्षा कोणाची होते?

यानंतर जे घडते ते हळूहळू घडते. ज्याला परवडते तो बाप म्हणतो, ‘ही शाळा काही खरी नाही,’ आणि मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. चार घरांनी असे केले की गावात ज्यांचा शब्द चालतो ती घरे शाळेतून निघून जातात. मग छप्पर गळले तर ग्रामसभेत बोलायला कोणी नाही, शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर पंचायत समितीत जाऊन बसायला कोणी नाही. गावाची शाळा ही फक्त मजुरांची शाळा होते, आणि मजूर तर सहा महिने गावात नाही. असा पट घसरत जातो. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला. पट घसरण्याला एकटी मजुरी कारण आहे असे म्हटले तर ते खोटे ठरेल. घरात मुले कमी जन्मतात, माणसे शहरात जातात, इंग्रजीची ओढ आहे. पण ऊसतोडीच्या गावांत पट का घसरला हे विचारल्याशिवाय नुसता आकडा पाहून शाळा उचलायची, हा मुकादमी हिशेब झाला. आणि शाळा तीन कोस लांब गेली की जी पोर तान्ह्या भावाला काखेत घेऊन निदान पहिल्या सत्रात वर्गाच्या दारात बसत होती, ती तेवढीही येत नाही.

हे दुखणे नवे नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शेतकऱ्यांची मुले शाळेत टिकत नाहीत याचे कारण त्यांनी सांगितले ते घरच्या दारिद्र्याचे आणि गुरांमागे, शेतावर मुलांची गरज पडते याचे. म्हणून शाळेबरोबर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत असा त्यांचा आग्रह होता. ज्योतिबांना हे दिसले, कारण ते मळ्यात वाढले होते. मुलाच्या हातातले काम काढून घ्यायचे तर त्या कामाची भरपाई घरात गेली पाहिजे, ही साधी गोष्ट त्या निवेदनात आहे. पुढे १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पाडण्यात सरकारी सभासद होते, तसे आपले जमीनदारही होते. सगळी पोरे शाळेत गेली तर शेतावर कोण येणार, ही काळजी तेव्हाही होती. शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

त्या दंडाची गोष्ट भाषणांतून मोठ्या अभिमानाने सांगतात. सांगावीच. पण आज तो दंड जशाचा तसा आणावा असे कोणी म्हणाले, आणि हे म्हणणारे पुष्कळ भेटतात, तर आम्ही विचारू की दंड कोणाला? उचल घेतलेल्या बापाला? त्याच्यावर आधीच एकाचे कर्ज आहे, त्यात सरकारचे घालायचे? २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याने ही बाब योग्य जागी ठेवली आहे. मुलाचे नाव दाखल होणे, त्याची हजेरी आणि त्याचे शिक्षण पुरे होणे ही जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे असे त्याच्या नवव्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. स्थानिक म्हणजे कुठले? मूल जिथे आहे तिथले. नोव्हेंबरात ते मूल तुमच्या हद्दीत असते.

बालमजुरीचा कायदा १९८६ चा. २०१६ साली तो बदलला आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवायला बंदी झाली. मोठी गोष्ट झाली. पण त्याच दुरुस्तीत एक खिडकी ठेवली. शाळा सुटल्यावर आणि सुटीत मुलाने घरच्यांना त्यांच्या धंद्यात हातभार लावला तर चालेल, काम धोक्याचे नसले म्हणजे झाले. ऐकायला हे सरळ वाटते. आपल्या आईला चार काड्या आणून देणाऱ्या पोराला कोण अपराधी म्हणेल? पण ऊसतोडीत ही खिडकी दरवाजाएवढी होते. निरीक्षक फडात आला तर कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी जोडीला उचल दिली, पोराला दिली नाही. आईबाप म्हणतात, आमचे लेकरू आहे, आमच्याजवळ आहे. तिघेही कागदाप्रमाणे खरेच बोलतात आणि मूल मोळी ओढत राहते. फड हा काही त्या कुटुंबाचा धंदा नव्हे. ऊस त्यांचा नाही, साखर त्यांची नाही, गाडी बहुधा कारखान्याची किंवा मुकादमाची. त्यांच्या मालकीचे तिथे काय असेल तर ते मूल.

आता एक आक्षेप. सभ्य माणसे म्हणतात की गरिबी जाईपर्यंत हे असेच चालायचे. मजुरालाच मुलाची कमाई हवी असते. यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. मजुरांचा माणूस म्हणून आम्हांला इतिहासातले एक अवघड पानही वाचावे लागले. इंग्लंडात लँकशायरच्या कापडगिरण्यांत ‘अर्धवेळ’ मुलांची पद्धत होती. मूल अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत. ती बंद करावी का, असे विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी संघटनांनी आपल्या सभासदांना विचारले, तेव्हा मोठ्या बहुमताने कामगारांनीच ‘नको’ म्हटले. शेवटी १९१८ च्या शिक्षण कायद्याने ती पद्धत मोडली. आईबापाला पैशाची सवय लागते, आणि मग तो पैसा सोडणे जड जाते, हे खरे आहे.

पण दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा आणि त्यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ च्या सुमारास सालगडी म्हणून राबणाऱ्या मुलांत काम सुरू केले. त्यांनी एकच गोष्ट धरली. जे मूल पूर्ण वेळाच्या शाळेत नाही ते मजूर आहे, मग ते दुसऱ्याच्या शेतात असो की स्वतःच्या घरी. रात्रशाळा नाही, अर्धवेळ शाळा नाही. मुलांना आधी निवासी शिबिरांत ठेवून त्यांच्या वयाच्या वर्गापर्यंत तयार करायचे आणि मग सरकारी शाळेत बसवायचे. गावातल्या तरुणांनी, शिक्षकांनी, पंचायतींनी हे काम उचलले. गरीब आईबापांनी मुले दिली. हजारो मुले शाळेत गेली आणि गावे मजुरीमुक्त झाली. २००३ साली शांताबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या आईबापांची गरिबी आधी गेली नव्हती. मुले कामावरून निघाल्यावर काही ठिकाणी मोठ्या माणसांना काम आणि दर बरा मिळू लागला, असा तिथला अनुभव सांगतात. मजूरबाजाराचे सूत्र ज्याला कळते त्याला याचे नवल वाटणार नाही. स्वस्त हात बाजारातून उठले की महाग हाताला भाव येतो.

आपल्याकडे काही झाले नाही असे नाही. नव्वदच्या दशकात साखरशाळा निघाल्या. कारखान्याच्या तळाजवळ छपरे घालून तरुण मुलामुलींनी शिकवले. फार चांगली माणसे होती ती. पण शाळा फडाजवळ गेली म्हणून मूल फडातून सुटले नाही. सकाळी मोळ्या, दुपारी पाढे, संध्याकाळी पुन्हा वाढे. शिक्षणहक्काच्या कायद्यानंतर नियमित शाळेचा आग्रह आला आणि बहुतेक साखरशाळा मिटल्या. मग गावातच हंगामी वसतिगृहे आली, त्यांत मूल आजीजवळ राहते आणि दोन्ही वेळचे जेवण शाळेत होते. ही योजना आम्हांला पहिल्यापेक्षा बरी वाटते, कारण मूल आपल्या शाळेत आणि आपल्या गुरुजींजवळ राहते. मात्र तिचे अनुदान टोळ्या गेल्यावर महिन्या-दीड महिन्याने पोहोचले तर तिचा उपयोग काय? आई घर सोडते त्या दिवशी चूल पेटलेली दिसली पाहिजे, नाहीतर ती मुलाला गाडीत घालणारच. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ शासकीय वसतिगृहे मंजूर झाली, प्रत्येकी शंभर मुलांची. म्हणजे सगळी पूर्ण क्षमतेने चालली तरी ८,२०० जागा. दहा लाख मजुरांच्या मुलांना त्या किती पुरतील, हा हिशेब तुम्हीच करा.

मुलींचे थोडे वेगळे सांगितले पाहिजे. वसतिगृहात मुलगा ठेवतात, मुलगी नेतात. कारण तान्हे मूल मुलगी सांभाळते. तळावर पाळणाघर असेल, अंगणवाडीची बाई येत असेल, तर निम्म्या मुली त्या दिवशी मोकळ्या होतील. हे शिक्षणखात्याच्या कुठल्या कागदावर येत नाही, पण मुलीच्या शाळेची किल्ली पाळण्यात आहे. आणि मुलगी तेरा-चौदाची झाली की दुसरीच भीती. तळावर कोपीला दार नाही, आईबाप पहाटे चारला फडात. मग घाईने लग्न लावतात. लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो, मुकादम उचल द्यायला उभाच असतो. वर्गातल्या पटावरून कमी झालेले ते नाव वर्षाच्या आत उचलीच्या वहीत चढते. आमच्या माहितीच्या अनेक मुलींना वहीत आपले नाव पहिल्यांदा लागले ते असे.

मागण्या आमच्या फार मोठ्या नाहीत. ऊसतोड मजुरांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले आहे. त्यातला हिस्सा तळावरच्या पाळणाघरांवर आणि गावाकडच्या हंगामी वसतिगृहांवर, हंगाम सुरू होण्याआधी खर्च व्हावा. दर ठरवताना जोडीच्या श्रमाचा हिशेब मुलाला वगळून करावा. जे काम दोघांच्याने उरकत नाही त्याला तिसरा मोठा माणूस आणि त्याची मजुरी धरावी. कारखान्याचा चिटबॉय प्रत्येक फडात जातो, पावती लिहितो, कोणत्या टोळीने किती गाड्या भरल्या ते टिपतो. त्याच्या यंत्रात आणखी एक रकाना असावा: तळावर सहा ते चौदा वर्षांची मुले किती. ज्याला उसाचे एकेक पाते मोजता येते त्याला मुले मोजता येणार नाहीत असे नाही. हे करारात यावे म्हणून आम्ही पुढच्या वाटाघाटीत बसणार आहोत. मिळेल की नाही ते आमच्या एकीवर आहे.

पण एक काम आमच्याने होणार नाही, ते तुमच्याने होईल. तुमच्या गावात शाळा आहेत आणि प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, म्हणजे या सभागृहात त्यांतले काही बसलेले असणार. आमचे मूल तुमच्या शाळेच्या दारात आले की मुख्याध्यापक पहिल्यांदा दाखला मागतात, मग जन्माची नोंद मागतात, मग आधार मागतात. मूल ओशाळून परत जाते. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, असे कायद्यात आहे. ते समितीने पत्र लिहून मुख्याध्यापकांना कळवावे. त्यांनाही वरच्यांना दाखवायला आधार होतो. मागच्या एका हंगामात शेजारच्या तालुक्यात एका शाळेने असे केले. तिथल्या बाई स्वतः तळावर आल्या आणि चाळीसेक मुलांची नावे लिहून घेऊन गेल्या. सगळी टिकली नाहीत. पण मार्चपर्यंत पंधरा-सोळा मुले रोज जात होती, आणि त्यांच्या आयांनी तळावर आळीपाळीने एक म्हातारी बाई तान्ह्यांसाठी मागे ठेवली.

येत्या हंगामाची गोष्ट एवढीच आहे की पहिल्या टोळ्या उतरतात तेव्हा बहुधा शाळांना दिवाळीची सुटी असते. त्या आठवड्यात यादी झाली नाही तर मुले फडात रुळून जातात आणि मग निघत नाहीत. शिक्षक तेव्हा गावी गेलेले असतील, तेव्हा यादी तुम्हांलाच करावी लागेल. दोन-तीन माणसे पुरेत, त्यांत एक बाई असावी. दिवसा तळावर कोणी मोठे माणूस भेटणार नाही. संध्याकाळी सातनंतर या, तेव्हा चुली पेटलेल्या असतात. खाऊ आणू नका, वही आणा. तळ दाखवायला आमची माणसे बरोबर येतील. आमचा पत्ता कार्यकर्त्यांकडे ठेवला आहे.